माळ्यावर जुना कुकर पडलाय? आम्हाला द्या

नमस्कार. आम्ही भांडुप-मुलुंडकडचे दहा-बारा सर्पमित्र. एरवी तुम्ही आम्हाला बोलावता, या वेळी आम्हीच दारात आलोय. पैसे नकोत. पाच लिटरचे जुने प्रेशर कुकर हवेत, शिट्टी आणि रिंग धड असलेले.

पाया खणताना, सोसायटीचा खतखड्डा उपसताना धामणीची किंवा नागाची अंडी उघडी पडतात. ती जागच्या जागी झाकून ठेवणं सगळ्यात चांगलं. पण पुढ्यात जेसीबी उभा असला की ते जमत नाही. मग वनविभागाला कळवायचं आणि त्यांच्या परवानगीनं अंडी डब्यात उबवायची. सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ असतं, भोवतालचा ओलावा शोषून घेतं. त्यामुळे खालचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दोन महिने ओलसर हवं, 28 ते 30 अंशांत. आणि मुंबईच्या पावसात दोन महिने ओल धरलेल्या वस्तूचं काय होतं, ते कपाटातल्या चामडी चपलांना विचारा.

गेल्या जूनमध्ये धामणीच्या अकरा अंड्यांखाली नर्सरीतलं कोकोपीट पिशवीतून काढून तसंच घातलं. घाई होती. बाराव्या दिवशी एका अंड्यावर पांढरी लव दिसली. बहुधा ते आधीच निकामी होतं. आठवड्याभरात बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढली, मागोमाग बारीक माश्या आणि अळ्या. पिल्लं निघाली चार. चूक आमचीच.

आता कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून काढतो, कारण त्यात खार असतो. पिळून जुन्या उशीच्या अभ्र्यात भरतो, कुकरमध्ये पाण्याच्या वर जाळीवर ठेवतो आणि शिट्टी झाली की मंद आचेवर अर्धा तास. पातेल्यात उकळून भागत नाही; पाणी 100 अंशांवर अडतं आणि काही बीजाणू, म्हणजे जंतूंची चिवट बीजं, त्यातूनही तगतात. कुकरमध्ये 120च्या आसपास जातं. मग झाकण न उघडता रात्रभर गार होऊ द्यायचं. सकाळी मूठभर घेऊन आवळायचं, थेंब गळला तर पाणी जास्त झालंय.

वापरलेलं कोकोपीटही फेकण्याआधी याच कुकरमध्ये जातं. सरपटणाऱ्या प्राण्यांबरोबर साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू येतो, तेव्हा त्यात पुन्हा वरणभात लावायची सोय उरत नाही. आमच्यातल्या एकाला त्याच्या आईनं कुकरसकट गॅलरीत काढलंय, आणि तिचं बरोबर आहे.

सोबत घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे आणि चालू डिजिटल थर्मामीटर मिळाले तर तेही घेऊ. रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीवर आणून द्या. वजन झेपत नसेल तर निरोप धाडा, घरून नेऊ.

अंडी दिसली तर मात्र उचलू नका, घरी तर नेऊच नका. 1972च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा ठरू शकतो. 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा. आम्ही येईपर्यंत कुणाला ती फिरवू देऊ नका. आतला जीव कवचाला चिकटलेला असतो, अंडं उलटं झालं तर तो मरू शकतो. म्हणून आम्ही प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करतो, मगच हात लावतो.