पांढरी दिसणारी प्रत्येक अळी पिठ्या ढेकूण नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या श्रावणात आमच्या सीताफळाच्या बागेत पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी पांढरी कीड वाढली, तेव्हा फळांवर पांढरे म्हणून जे दिसेल ते आम्ही मजुरांकडून चिरडून घेतले आणि दुकानदाराने हातात दिलेले कीटकनाशक वरून फवारले. त्या पांढऱ्यांत क्रिप्टोलिमस या ढालकिड्याच्या अळ्याही होत्या, हे नंतर कळले. पिठ्या ढेकूण खाऊनच वाढणारा हा मित्रकीटक तीन आठवड्यांपूर्वी आम्हीच विकत आणून बागेत सोडला होता. ही चूक इतरांच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

खान्देशातल्या शेतकऱ्याला ढालकिडा नवा नाही. कपाशीवर मावा पडला की लाल पाठीवर काळे ठिपके असलेला भुंगेरा येतो, हे लहान मुलेही जाणतात. क्रिप्टोलिमसच्या पाठीवर मात्र ठिपके नसतात. त्याचे अंग काळपट आणि डोके नारिंगी असते. त्याच्या अळीवर तर पिठ्या ढेकणासारखेच पांढरे मेणचट तंतू असतात, आणि इथेच माणूस फसतो. फरक ओळखायचा तो आकारावरून आणि चालीवरून. ढेकूण चार मिलिमीटरच्या आसपास असतो व सोंड खुपसून बहुधा एका जागी बसतो. पूर्ण वाढलेली अळी त्याच्या दुपटी-तिपटीने लांब, तिचे तंतू लांब व विस्कटलेले, आणि काडी लावली की ती लगबगीने चालू लागते.

पिठ्या ढेकूण हा खवले किडीच्याच गोतावळ्यातला. या साऱ्या किडींच्या अंगावर मेणाचे किंवा खवल्याचे आवरण असल्यामुळे औषध आतपर्यंत पोचत नाही. फवारणीने मरतात ते उघड्यावर फिरणारे मित्रकीटक, आणि काही दिवसांत कीड पूर्वीपेक्षा जोमाने वाढते. कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या बागा अशाच एका खवले किडीने उजाड होत चालल्या होत्या, तेव्हा कीटकशास्त्रज्ञ अल्बर्ट कोबेले यांनी ऑस्ट्रेलियातून १८८८-८९ मध्ये व्हेडालिया नावाचे ढालकिडे पाठवले. पहिल्या खेपांत जिवंत पोचलेले भुंगेरे अवघे १२९ होते. कीड लागलेल्या झाडावर कापडी तंबू उभारून त्यांना आत सोडले, आणि थोड्याच काळात तिथली कीड आटोक्यात आली. क्रिप्टोलिमसही मूळचा ऑस्ट्रेलियातलाच. तो १८९८ मध्ये कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी आपल्या देशात आणला गेला. त्या किडीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण दक्षिण भारतात तो पिठ्या ढेकणावर स्थिरावला.

आपल्याकडे मात्र हा भुंगेरा कधी सोडायचा, याचा विचार करावाच लागतो. चैत्र-वैशाखात पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा सोडलेले भुंगेरे तग धरत नाहीत. पावसाळ्यात हवा दमट झाली आणि फळांवर ढेकूण दिसू लागला की संध्याकाळच्या वेळी ते सोडावेत. हेक्टरी साधारण १,५०० भुंगेरे सोडण्याची शिफारस आहे. त्याआधी खोडाला चिकट पट्टी बांधणे मी अत्यावश्यक मानतो, कारण ढेकणाच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी मुंगळे त्याची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावून लावतात. भुंगेरे सोडण्यापूर्वी काही दिवस आणि सोडल्यानंतर तर मुळीच जहाल कीटकनाशक फवारू नये.

हे सर्व समजूनही ऐनवेळी भुंगेरे मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे. कीड दिसल्यावर मागणी नोंदवायची आणि दूरवरून डबी येईपर्यंत वाट पाहायची, तोवर फळे त्या गोड द्रवावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीने माखून बाजारातून उतरतात. म्हणून राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे यांना माझी विनंती आहे, की त्यांनी जूनमध्येच शेतकऱ्यांकडून मागणी नोंदवून घ्यावी, ऑगस्टपर्यंत भुंगेरे तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध करावेत, आणि प्रत्येक डबीसोबत ढेकूण व अळी यांचे शेजारी-शेजारी छापलेले रंगीत छायाचित्र द्यावे, म्हणजे फळे पुसायला बसलेल्या मजूर बायांनाही ते दाखवता येईल.

आपला,
एक सीताफळ उत्पादक शेतकरी,
ता. पारोळा, जि. जळगाव