वसाहती सोडून परतलेली माणसे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वसाहतींच्या स्वातंत्र्यलढ्यांविषयी मराठीत विपुल लेखन होते. परंतु सत्ता संपल्यावर ‘मायदेशी’ परतलेल्या सामान्य वसाहतकऱ्यांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, त्या वर्षात सहा लाखांहून अधिक युरोपीय फ्रान्सला गेले आणि मार्सेय बंदरात त्यांचे स्वागत थंडपणेच झाले. १९७५ मध्ये अंगोला आणि मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर, एक कोटीही लोकसंख्या नसलेल्या पोर्तुगालमध्ये सुमारे ५ लाख माणसे परतली. लिस्बनमध्ये नदीकाठी, सागरी शोधमोहिमांच्या भव्य स्मारकाशेजारीच, त्यांच्या सामानाच्या लाकडी पेट्यांचे ढीग लागले होते आणि अनेक कुटुंबांना सरकारी खर्चाने हॉटेलांत ठेवावे लागले होते.

ही माणसे अन्यायी व्यवस्थेची लाभार्थी होती, हे विसरता कामा नये. मात्र त्यांतील अनेकांचा जन्म आफ्रिकेतलाच होता. त्याहून विदारक कहाणी फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढलेल्या अल्जीरियन ‘हार्कीं’ची आहे. त्यांतील हजारो मायदेशी मारले गेले, तर फ्रान्सला पोहोचलेल्या कित्येकांना रिव्हसाल्तसारख्या छावण्यांत कोंडण्यात आले. राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी त्यांची क्षमा मागितली, ती २०२१ मध्ये.

दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याच्या छावणीत पोलिश निर्वासितांना आणि फाळणीनंतर त्याच परिसरात, आजच्या गांधीनगरात, सिंधी बांधवांना सामावून घेणाऱ्या कोल्हापूरच्या वाचकांना हा विषय परका वाटणार नाही. आपल्या रविवार पुरवणीत त्यावर अभ्यासकांची लेखमाला प्रसिद्ध करावी, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर