मागीलदारच्या पाण्याबद्दल

देवरुख,
श्रावण

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

परसात तुंबलेल्या पाण्याचा फोटो पाहिला. पाणी शोषून घेणारी झुडपं कुठली, असं तू विचारलंस. जुलैत कुठलंच झुडूप परस कोरडं करत नाही. झाड पाणी ओढतं ते पानांवाटे हवेत सोडायला. आभाळ भरलेलं, हवा ओलीगच्च, मग पानं सोडणार कुठे? झुडपांचा उपयोग उघडीप पडली की आणि भाद्रपदापासून पुढे. तेव्हा ती जमीन लवकर वाफशावर, म्हणजे काम करण्याजोग्या ओलीवर, आणतात, आणि त्यांच्या मुळ्या खाली पाण्याला वाटा पाडतात. भर पावसात पाणी बाहेर काढणं हे चराचंच काम.

आधी छप्पर बघ. शंभर चौरस मीटर छपरावर दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 10,000 लिटर पाणी झालं. पागोळ्या थेट परसात पडत असतील तर पन्हळी लावून ते पाणी बाजूने काढ. निम्मी दलदल तिथेच संपेल.

दुसरं कारण जमिनीत आहे. तुझं घर जुन्या भातखाचरावर आहे. वर्षानुवर्षं चिखलणी झाली की वीत-दीड वीत खाली घट्ट थर बसतो, खाचरात पाणी टिकावं म्हणूनच. वर जांभ्याची भर टाकली तरी तो थर जात नाही, पाणी त्याच्यावर तुंबून राहतं. आठ मिलिमीटरची लोखंडी सळई चार-पाच ठिकाणी हाताने दाबून बघ. वीतभर सहज जाऊन अडली आणि जोर लावल्यावर पुन्हा मोकळी सुटली, तर तोच थर. पावसाळा संपल्यावर लावणीच्या जागी तो पहारीने फोडावा लागेल. अडली ती सुटलीच नाही तर खाली कातळ आहे, मग फक्त उंचवट्यावर लाव.

उघडिपीच्या दिवशी हातभर खड्डा खण. कडांमधून आपोआप पाणी भरलं तर भूजलच वर आलंय, तिथे खोल मुळांचं काही लावू नकोस. कोरडा राहिला तर भरून जिरू दे, पुन्हा भर आणि पट्टी लावून मोज. तासाला अडीच सेंटीमीटर उतरलं तर ठीक, एकाच्या आत असेल तर चराशिवाय लावणीचा खर्च फुकट.

चर घराच्या पायापासून दीड मीटर सोडून काढ. रुंदी एक फूट, खोली दीड फूट, दहा मीटरला दहा सेंटीमीटर उतार. उतार डोळ्यांनी ठरवू नकोस, गवंड्याची पाण्याची नळी वापर. खडी भरून बुजवलेला चर दिसायला छान, पण आपल्याकडे पाचोळा आणि गाळ त्यात लवकर बसतो. उघडाच ठेव. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, तळाशी पाणी जायला मोरी असू दे, पण तिचं तोंड शेजाऱ्याच्या परसात नको.

आता झुडपं. चराच्या काठाला निर्गुडी. ती मुळात ओढ्याकाठचीच, आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाड काडीचे वीतभर तुकडे, दोन तृतीयांश जमिनीत, दोन झाडांत दीड मीटर. कुंपणाला कोयनेल, दीड फुटावर एक. खाडीकाठच्या खारवट ओलीतही ती टिकते. पाणी सर्वांत उशिरा हटतं त्या कोपऱ्यात कर्दळ आणि अळू. ही झुडपं नव्हेत, पण तिथे दुसरं काही धड जगणार नाही. चराची माती ढासळू नये म्हणून कडेला वाळ्याचे ठोंब, वीतभर अंतरावर. पहिली दोन-तीन वर्षं मधे मधे शेवरी पेर. झपाट्याने वाढते, ओल सोसते, मातीला नत्र देते. छातीएवढी झाली की छाटून पाला तिथेच पसर. ती फार वर्षं टिकत नाही, तोवर निर्गुडी वर आलेली असते. कण्हेरही चालली असती, पण ती विषारी आहे आणि घरात लहान मूल आहे.

कुणी निलगिरी सुचवेल. घराजवळ नको. बेशरमाची काडी तर फुकट मिळाली तरी नको, एकदा रुजली की हटत नाही. तगर, जास्वंद तुम्हाला हवीतच तर उंचवट्यावर: दीड फूट उंच, तीन फूट रुंद, परसातलीच माती आणि चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत. पपई, लिंबू, मोगरा यंदा विसरा. पपई तर दोन दिवस मुळं पाण्यात राहिली तरी मान टाकते.

सर्रास होणारी चूक खड्ड्याची. घट्ट मातीत खड्डा खणून त्यात चांगली भुसभुशीत माती भरली की त्याची न्हाणी होते, चहूकडचं पाणी त्यात जमतं आणि मुळं गुदमरतात. म्हणून खणलेलीच माती परत घाल, आणि रोपाचा गळा जमिनीच्या दोन बोटं वर ठेव. पानं कोमेजली आणि माती ओली असेल तर पाणी घालू नकोस. मूळ उकरून बघ. काळपट, बुळबुळीत, सडक्या अंड्याचा वास, म्हणजे हवेवाचून कुजलंय.

चाचणीचा तो खड्डा सोडला तर सध्या मात्र मातीला हात लावू नका. ओल्या मातीत फावडं घातलं, नुसतं चाललं तरी ती अधिक घट्ट बसते. मूठभर माती बोटांत दाबून पट्टी निघाली तर थांबायचं, गोळा होऊन टिचकीने फुटला तर वाफसा आला. काम तेव्हाच, साधारण घट बसायच्या सुमाराला. शेवरीचं बी तेवढं पुढच्या मृगात. आणि मार्च-एप्रिलमध्येही एखादा कोपरा ओला दिसला तर झाडांचा विचार सोडून सांडपाण्याचा शोषखड्डा तपासून घे.

सळई किती खोलीवर अडते आणि तासाला पाणी किती उतरतं ते कळव, म्हणजे निर्गुडीच्या काड्या किती काढायच्या ते मला ठरवता येईल. बाळाला पापा.

तुझी
आई