गोव्यातल्या साखळी गावच्या मेकॅनिक काकांना, हँडलची थरथर घालवल्याबद्दल

काका, नमस्कार.

मी तो, बेळगावहून चोर्ला घाट उतरून आलेला, काळी बाईक, मागे मोठा टॉपबॉक्स, बरोबर बायको. त्या दिवशी मला धड बोलता पण येत नव्हतं. केरी सोडल्यावर जरा सरळ रस्ता लागला, पुढे वस्ती दिसली म्हणून थ्रॉटल सोडला, हेल्मेटची काच वर करायला डावा हात काढला आणि हँडल असं काही थडथडायला लागलं की बायकोने मागून माझं जॅकेट मुठीत धरलं ते साखळी येईपर्यंत सोडलंच नाही. दोन्ही हातांनी धरलं की थांबायचं, सैल केलं की परत सुरू.

हे काही त्याच दिवशी झालं नव्हतं, दोन महिने चाललं होतं. एकाने व्हील बॅलन्सिंग दोनदा करून दिलं, दुसऱ्याने सरळ पुढचा टायर बदला म्हणून सांगितलं, तिसऱ्याने कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेरिंग, इतका आवळून ठेवला की थरथर थोडी कमी झाली पण म्हापशाच्या ट्रॅफिकमध्ये हळू चालवताना गाडी सरळच जाईना, सारखी एकदा इकडे एकदा तिकडे. आणि एकाने सांगितलं, घट्ट धरून चालवा. बायको मागे बसायची असताना!

तुम्ही आधी पाना हातात घेतलाच नाही. "कितें जालें?" म्हणून बाकडं पुढे केलंत, काकींनी पाणी आणून दिलं आणि मग तुमचे प्रश्न. स्पीड वाढताना होतं की उतरताना? किती स्पीडला? ब्रेक लावल्यावर की नुसतं थ्रॉटल सोडल्यावर? बॉक्स रिकामा असताना पण होतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तर तुम्ही बॉक्स उतरवून ठेवला आणि म्हणालात एक चक्कर मारून या. मारली. थरथर होती पण निम्मी. तुम्ही नुसती मान हलवलीत.

मग इंजिनखाली लाकडाचा ठोकळा लावून पुढचं चाक अधांतरी केलंत, आणि मला बोलावून म्हणालात, दोन बोटांनी हँडल फिरवा, हळू. हँडल बरोबर मधोमध आलं की खळग्यात बसल्यासारखं अडकत होतं. ते बोटांना लागलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दोन महिने मी नेमका कशाला घाबरत होतो. मग चाक फिरवून रिमला खडू धरून पाहिलात, रिम आउट नव्हती, चाकाचे बेरिंग पण ठीक. टायरवर माझा तळहात फिरवायला लावलात, एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवला की प्रत्येक ठोकळ्याची धार हाताला लागत होती. तुम्ही म्हणालात टायर थरथर जागी करतो, पण तिला वाढू देतो तो कोनसेट, म्हणून आधी कोनसेट.

हे मी घरी येऊन मांडून बघितलं. थरथर सुरू व्हायची ती ताशी ६५ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला १८ मीटर, चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साधारण ९ फेऱ्या. आणि हँडलची थरथर पण सेकंदाला साधारण तितकीच असते. म्हणून त्याच स्पीडला ती सुरू व्हायची, ९० ला काहीच नाही.

गाडी रात्रभर ठेवून आम्ही कदंबाच्या बसने फोंड्याला आलो. सकाळी परत आलो तेव्हा कोनसेटची जुनी खालची रेस, म्हणजे बॉल जिच्यावर फिरतात ती कडी, तुम्ही पुसून माझ्यासाठी ठेवली होतीत. ग्रीस नावाला पण नाही, गंज, आणि ओळीने बॉलच्या मापाचे छोटे छोटे खड्डे. गाडी जास्त वेळ सरळच चालते, बॉल त्याच त्याच जागी राहतात आणि रस्त्याचा प्रत्येक दणका तिथेच बसतो हे तुम्ही समजावलंत, आणि प्रेशरचं पाणी तिथे मारू नका, ग्रीस धुऊन जातं, हे पण. ते मी दर आठवड्याला मारत होतो.

नवीन बेरिंग टेपर रोलरचे, म्हणजे बॉलऐवजी निमुळते रोलर असलेले, टाकलेत. रेस आकसून सहज बसाव्यात म्हणून रात्रभर काकींच्या फ्रीजरमध्ये बांगड्यांच्या शेजारी ठेवल्या होत्या. आवळताना तर तुम्ही घाई केलीच नाही. आवळायचं, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवायचं, थोडं सैल करायचं, मधून सोडून द्यायचं आणि स्वतःच्या वजनाने बाजूला पडतं का बघायचं. वरचा नट आवळल्यावर परत सगळं पहिल्यापासून, कारण त्याने पण फरक पडतो. शेवटी मागचा शॉकअप दोन घर कडक केलात आणि बॉक्समधली हत्यारं न् पाण्याच्या बाटल्या काढून खाली साईड बॅगेत, जमेल तेवढं पुढे ठेवायला लावलंत.

टायरचे पैसे तुम्ही सहज घेऊ शकला असतात, मी तर बदलायच्या तयारीनेच आलो होतो. तुम्ही म्हणालात चालवून बघा, मग ठरवू. काका, खरंच मनापासून आभार.

मागच्या रविवारी अनमोडपर्यंत जाऊन आलो. मोलेच्या पुढे रस्ता रिकामा बघून ७० वरून थ्रॉटल सोडला आणि पकड सैल केली, हात हँडलच्या वरच ठेवले होते. काहीच नाही. गाडी शांत, सरळ. बायको मागेच होती, तिला कळलं पण नाही मी काय करून बघितलं ते.

तुम्ही ५०० किलोमीटरनंतर परत दाखवायला सांगितलं होतंत, रोलर बसले की थोडं सैल पडतं म्हणून. ४७० झालेत. येत्या रविवारी सकाळी येतो, बायको पण येते म्हणतेय, तिला काकींना भेटायचंय.