संकेतस्थळांचे एकत्रीकरण : आधी लॉगिन, मग मुखपृष्ठ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्य सरकारच्या निरनिराळ्या ऑनलाइन सेवा एकाच संकेतस्थळावर आणाव्यात, ही मागणी रास्त आहे. मात्र 'एकत्र आणणे' म्हणजे एक देखणे मुखपृष्ठ आणि त्यावर विभागांच्या दुव्यांची रांग, असा अर्थ बहुतेकदा घेतला जातो. वेब अ‍ॅप्लिकेशन बांधण्याच्या व्यवसायात असल्यामुळे त्यापलीकडचे काही मुद्दे मांडावेसे वाटतात.

शेतजमिनीचे उदाहरण घेऊ. महाभूलेखवर सातबारा विनामूल्य पाहता येतो, पण तो केवळ माहितीपुरता असतो. कायदेशीर कामासाठी चालणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा हवा असेल, तर वेगळ्या संकेतस्थळावर 15 रुपये भरून तो घ्यावा लागतो. पिकाची नोंद 2021 पासून ई-पीक पाहणीच्या मोबाइल अ‍ॅपवर होते, ठिबकच्या किंवा ट्रॅक्टरच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर, उत्पन्नाच्या दाखल्याचा 'आपले सरकार'वर, आणि जुन्या खरेदीखताचा शोध नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर. माणूस तोच, गट नंबर तोच, तरी प्रत्येक ठिकाणी जिल्हा, तालुका आणि गाव निवडण्यापासून सुरुवात.

ही अ‍ॅप्लिकेशन्स वेगवेगळ्या विभागांनी, वेगवेगळ्या काळात बांधून घेतली आहेत. ती मोडून एकच अवाढव्य प्रणाली नव्याने लिहावी, असा सल्ला कोणी दिला तर सरकारने तो ऐकू नये. जुनी अ‍ॅप्लिकेशन्स आपापल्या सर्व्हरवर चालू ठेवून त्यांच्यापुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे सर्व विनंत्या आधी स्वतःकडे घेणारा मधला सर्व्हर, बसवली, की वापरणाऱ्याला एकच पत्ता दिसतो आणि प्रत्येक विनंती योग्य त्या अ‍ॅप्लिकेशनकडे पाठवली जाते. तंत्रदृष्ट्या हा सोपा भाग आहे, आणि उद्घाटनही नेमके याच टप्प्यावर उरकले जाते.

खरे काम ओळखीचे आहे. एकदा लॉगिन केल्यावर सर्व सेवांनी ती ओळख मान्य करावी, यासाठी ओपनआयडी कनेक्ट हे खुले मानक 2014 पासून उपलब्ध आहे. अडचण आहे ती जुन्या खात्यांची. एकाच व्यक्तीचे एका ठिकाणी खाते जुन्या मोबाइल क्रमांकावर असते, दुसरे मुलाच्या क्रमांकावर आणि तिसरे गावातल्या महा ई-सेवा केंद्राच्या चालकाने आपल्याच क्रमांकावर उघडलेले असते; नाव एकीकडे वडिलांच्या नावासह, तर दुसरीकडे केवळ आडनाव आणि आद्याक्षरे. नावे जुळवणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने ही खाती परस्पर एक केली, तर एकाच गावातल्या एकाच नावाच्या दोन चुलतभावांच्या जमिनी आणि अनुदाने एकमेकांच्या खात्यात जाऊन बसतील, आणि ते निस्तरण्यासाठी दोघांनाही तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. म्हणून खाती जोडण्याचे काम वापरणाऱ्यानेच, दोन्ही खात्यांवर आपला हक्क सिद्ध करून करावे. त्याला वेळ लागला तरी चालेल. सातबाऱ्यावर छापला जाणारा यूएलपिन हा भूखंडाचा ओळख क्रमांक आणि कृषी योजनांसाठी 2025 पासून आवश्यक केलेला शेतकरी ओळख क्रमांक या दोहोंचा येथे मोठा उपयोग होईल, अर्थात सर्व विभागांनी ते आपापल्या प्रणालीत नोंदवले तरच.

ब्रिटनचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथील सरकारने ऑक्टोबर 2012 मध्ये डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक ही दोन मोठी संकेतस्थळे बंद करून गव्ह डॉट यूके सुरू केले आणि पुढच्या दोनेक वर्षांत मंत्रालयांची व अनेक संस्थांची संकेतस्थळे त्यात आणली. माहितीची पाने अशी झपाट्याने एकत्र आली, पण ओळखीचे तसे झाले नाही. 2016 मध्ये रीतसर सुरू झालेली व्हेरिफाय ही ओळख-पडताळणी सेवा 2023 मध्ये बंद करावी लागली आणि तिच्या जागी नवी सेवा आणण्यात आली.

सुरक्षेबाबतही एक इशारा द्यायला हवा. एकाच डोमेनखाली, म्हणजे एकाच मुख्य पत्त्याखाली, केवळ मार्ग (पत्त्यातला तिरप्या रेघेनंतरचा भाग) बदलून चार अ‍ॅप्लिकेशन्स ठेवली, तर ब्राउझरच्या दृष्टीने ती चारही एकच असतात. त्यांपैकी एखाद्या जुन्या, दुर्लक्षित अ‍ॅप्लिकेशनमधून कोणी घातक स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) घुसवली, तर ती उरलेल्या तिन्हींमध्ये लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने व्यवहार करू शकते. लॉगिनची खूण म्हणून ब्राउझर जी छोटी नोंद जपून ठेवतो, त्या कुकीला मार्गाची मर्यादा घातल्याने हा धोका टळत नाही. पैसे आणि जमिनीचे हक्क ज्या सेवांत गुंतलेले आहेत, त्यांना स्वतंत्र उपडोमेन (मुख्य पत्त्याच्या आधी वेगळे नाव जोडून केलेला पत्ता) द्यावे आणि त्यांची सेशन कुकी त्या उपडोमेनपुरतीच ठेवावी. त्यामुळे पत्ता थोडा लांबला तर लांबू द्यावा.

सामाईक लॉगिन बंद पडले की सर्वच सेवा बंद पडतात, ही एकत्रीकरणाची दुसरी बाजू आहे. अर्जाच्या शेवटच्या तारखेला सरकारी संकेतस्थळांची काय अवस्था होते, हे वाचकांना सांगायला नको. निदान जे आज लॉगिनशिवाय पाहता येते, ते उद्याही तसेच राहावे. माहितीपुरता सातबारा पाहायला ओळख मागण्याचे काहीच कारण नाही.

तेव्हा सुरुवात महसूल विभागापासून करावी, कारण भूमी अभिलेख आणि नोंदणी व मुद्रांक या दोन्ही यंत्रणा त्याच विभागाच्या अखत्यारीत असून दोहोंची मुख्यालये पुण्यातच आहेत. कामाच्या निविदेत खाती जोडण्याची पद्धत, स्वतंत्र सुरक्षा-तपासणी आणि जुने पत्ते नव्या पत्त्यांकडे कायमचे वळवण्याची जबाबदारी या तीन अटी स्पष्ट शब्दांत असाव्यात, आणि त्या पूर्ण झाल्याशिवाय कंत्राटदाराचे अंतिम देयक मंजूर करू नये.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता, नाशिक