ज्यांनी आधी माझीच गाडी तपासली, त्या उस्तादांना

उस्ताद,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर गॅरेजवर येऊन तुमच्या हातात द्यायचं होतं. पण मुद्दाम चारचौघांत लिहितोय, कारण माझ्यावर आळ आला तोही चारचौघांत. व्हॅनचा नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो, खाली ‘या स्कूल व्हॅनवाल्याने पार्किंगमध्ये गाडी ठोकून पळ काढला’ एवढी ओळ, आणि तो फोटो एका संध्याकाळीत कोथरूडपासून वारज्यापर्यंत पालकांच्या फोनवर पोचला. तेव्हा आभारही सगळ्यांदेखत मानायला हवेत. तुमचं नाव कुठे घालू नका म्हणालात, म्हणून घालत नाही. चष्म्याशिवाय वाचता येत नाही तर नातीकडून वाचून घ्या.

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. सकाळची बॅच शाळेत सोडली आणि दुपारची मुलं न्यायला अजून वेळ होता, म्हणून मी कर्वे रस्त्यावरच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या बँकेत गेलो होतो. व्हॅनच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला होता. बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ घ्यायचा, आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा, की गाडी पूर्णपणे आपली. पाच वर्षं त्या दिवसाची वाट बघितली होती. कागद घेऊन तळघरात आलो, व्हॅन काढली, निघालो. वॉचमनच्या वहीत आत ११.०५, बाहेर ११.४०, एवढीच काय ती नोंद.

सव्वा वाजता शाळेच्या फाटकाबाहेर उभा असताना फोन आला. मागच्या दारावर नंबर रंगवलेलाच आहे, तिथूनच त्यांनी घेतला असणार. माझ्या शेजारी लावलेल्या करड्या गाडीचे मालक बोलत होते. पुढच्या बंपरचा डावा कोपरा घासलाय, त्याला पिवळा रंग लागलाय, तळघरात त्या वेळी पिवळी गाडी एकच होती. १८,००० रुपये द्या, नाहीतर शाळेत आणि चौकीत तक्रार करतो. मी म्हणालो, माझ्याकडून काही लागलेलं नाही. ते म्हणाले, मग रंग काय आभाळातून पडला?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांचंही मी समजू शकतो. स्वतःच्या विम्यातून बंपर करून घेतला असता तर त्यांचा नो क्लेम बोनस गेला असता. पाच वर्षं क्लेम न करता काढली की गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते, आणि एका क्लेमला ती शून्यावर येते. शिवाय पहिले हजार रुपये खिशातून जातात ते वेगळेच. माझ्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागायची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं दार ठोठवावं लागतं, आणि एका बंपरसाठी तिथे कोण जातंय? म्हणून अशा सगळ्या भांडणांचा शेवट एकाच वाक्यावर होतो: ‘रोख द्या आणि मिटवा.’ चौकीतल्या हवालदारांनीही तेच सांगितलं. एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करता येईल, पण कशाला वाढवताय, थोडे तुम्ही सोडा, थोडे ते सोडतील.

पैशांचं दुःख एवढं नव्हतं. ‘पळ काढला’ हे दोन शब्द मला झोपू देत नव्हते. मी अकरा मुलं नेतो. काही बालवाडीतली आहेत, त्यांना अजून सीटवर नीट बसताही येत नाही. आईबाप रोज सकाळी दार उघडून पोर माझ्या हातात देतात ते काय बघून देतात? हा माणूस काही झालं तर थांबेल, एवढ्या भरवशावर. त्या रात्री तीन घरांतून फोन आले. दोघांनी विचारलं, काका, नक्की काय झालं? तिसऱ्यांनी विचारलं नाही. उद्यापासून आमची मुलगी येणार नाही, एवढंच सांगितलं.

आणि एक गोष्ट मी घरीसुद्धा बोललो नव्हतो. रात्री एकच्या सुमारास माझा माझ्यावरचाच विश्वास उडाला. मुलं गाडीत असली की मी तीनदा आरसा बघतो, पण त्या सकाळी गाडी रिकामी होती, हातात एनओसी होतं, मन आरटीओत पोचलं होतं. मागे घेताना टेकली असेल का? मला कळलंच नसेल का? पंधरा वर्षं गाडी चालवणारा माणूस स्वतःलाच विचारत होता.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो तो न्याय मागायला नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे. पैसे द्यायचे ठरवूनच आलो होतो. एवढा बंपर कितीत होईल, भाव थोडा कमी करता येईल का, एवढंच विचारायचं होतं. गणपतीच्या तोंडावर तुमच्याकडे गाड्यांची रांग लागली होती. एका दाराला खळगे बुजवायची लांबी (पुट्टी) भरून झाली होती, पोरगा पाणी मारून पॉलिशपेपर घासत होता. तुम्ही हात पुसून माझा फोन घेतलात, फोटो मोठा केलात आणि मला म्हणालात, ‘भाऊ, आधी तुमची गाडी दाखवा.’

ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. तुम्ही मला धीर दिला नाहीत, काही होत नाही असंही म्हणाला नाहीत. बॅटरी घेऊन व्हॅनच्या मागे उकिडवे बसलात आणि डाव्या कोपऱ्यावरचा ओरखडा बोटाने दाखवून विचारलंत, ‘हे कधीचं? खरं सांगा, खोटं असेल तर मला दिसणारच आहे.’ माझ्या पोटात गोळा आला. मी म्हणालो, मार्चमधलं, सोसायटीच्या फाटकाचं. तुम्ही नखाने रंगाची कड उचलून बघितलीत. मग मलाही खाली बसवलंत आणि दाखवलंत: पत्र्याला गंज धरलाय, तो रंगाच्या कडेखाली आत सरकलाय, कडा फुगल्यात. दोन दिवसांत वर तांबूस डाग येतो, पण रंग असा आतून उचलला जायला महिने लागतात. आणि दोन गाड्या घासल्या की देवाणघेवाण होते, याचा रंग त्याला आणि त्याचा याला. त्या बंपरला एवढं पिवळं लागलंय, तर तुमच्या गाडीवर करडं कुठे आहे? सगळा मागचा भाग तुम्ही बोटाने चाचपलात. करड्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

तेव्हा कुठे माझा श्वास खाली बसला. लोकांनी काय मानायचं ते पुढचं. आपल्या हातून लागलेली नाही हे मला स्वतःला त्या क्षणी कळलं, ते तुमच्यामुळे. माझ्या बायकोने, भावाने, इतर व्हॅनवाल्यांनी ‘तू असं करणार नाहीस’ म्हणून सांगितलं होतं. त्यांची माया मोठी आहे. पण ते मला ओळखतात म्हणून म्हणत होते. तुम्ही मला ओळखत नव्हता आणि माझीच चूक निघाली असती तर तीही तशीच तोंडावर सांगितली असतीत. म्हणूनच तुमच्या शब्दावर मला उभं राहता आलं.

पुढचं तर मी मागितलंही नव्हतं. ‘त्यांना गाडी घेऊन तिथेच बोलवा, मी येतो,’ म्हणालात. हातातली कामं पोरावर सोपवून, भर सीझनचे दोन तास मोडून तुम्ही माझ्या व्हॅनमध्ये बसलात. हातात टेप, एक जुनं फडकं आणि थिनरची छोटी बाटली.

ते गृहस्थ आले ते चिडूनच आले होते. तुम्ही त्यांना नमस्कार केलात आणि म्हणालात, ‘साहेब, मी यांचा कोणी नाही. बंपर बघायला आलोय.’ बघायच्या आधी परवानगी मागितलीत. मग टेप लावलात. घासण जमिनीपासून १५ इंचांवर सुरू होत होती आणि २२ इंचांवर संपत होती. पुढून मागे फूटभर ओढल्यासारखी गेली होती. उभ्या गाडीला कोणी मागे येऊन टेकवली तर तिथे खळगा पडतो, चरा पडतो, अशी लांब रेघ ओढली जात नाही. ही गाडी स्वतः पुढे जात असताना कशाला तरी घासत गेलीय. हे सगळं तुम्ही आवाज न चढवता, गॅरेजमधल्या पोराला शिकवावं तसं सांगत होतात. मग बोट ठेवून त्यांना म्हणालात, ‘साहेब, नीट बघा, नुसतं पिवळं नाहीये. १८ इंचांच्या वर पिवळं आहे. खाली काळं आहे.’

करड्या बंपरवर ते काळं आम्हा सगळ्यांना मळ वाटलं होतं. फोटोत तर दिसतच नव्हतं.

तुम्ही उठून रॅम्पकडे चालू लागलात. वळणावरचा खांब, त्याला सगळ्या तळघरांत असतात तसे सहा सहा इंचांचे आडवे पट्टे, काळा, पिवळा, काळा, पिवळा. टेप लावलात. तिसरा पट्टा काळा, १२ ते १८. चौथा पिवळा, १८ ते २४. दोघांच्या मधल्या रेषेवर, बरोबर त्याच उंचीला, करड्या रंगाची ताजी रेघ आणि कोपऱ्याचं थोडं सिमेंट उडालेलं. वॉचमनने बॅटरी धरली होती. कोणीच काही बोलेना.

तरी तुम्ही तिथे थांबला नाहीत. आधी माझ्या व्हॅनच्या पिवळ्यावर थिनरचं फडकं फिरवलंत. ते कोरंच राहिलं. मग त्यांना विचारून बंपरवर तेच फडकं हलक्या हाताने फिरवलंत, आणि त्याला हळदीसारखं पिवळं लागलं. खांबाला साधा ऑइल पेंट असतो, तो थिनरने सुटतो. गाडीचा हार्डनर घालून मारलेला रंग एवढ्याने जागचा हलत नाही. फडकं तुम्ही त्यांच्यापुढे धरलंत आणि गप्प राहिलात. ‘बघा, मी म्हणालो होतो ना’ असा एक शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही. आत येताना वळण घट्ट आहे, बंपर प्लास्टिकचा, दबतो आणि परत येतो, आत बसलेल्याला कळत नाही, असं तुम्हीच त्यांच्या वतीने सांगितलंत.

ते बराच वेळ खांबाकडे बघत होते. मग मला म्हणाले, ‘चुकलं माझं.’ त्यांनी तिथेच उभं राहून, जिथे जिथे फोटो टाकला होता तिथे तिथे लिहिलं, की गाडी खांबाला घासली होती, व्हॅनचालकाचा संबंध नाही. चौकीत येऊनही सांगितलं. हे लिहायलाच हवं, कारण चूक कबूल करायलाही धैर्य लागतं आणि त्यांच्याकडे ते होतं. पुढच्या रविवारी त्यांची गाडी तुमच्याकडे पॉलिशला उभी होती, हे मला पोराने सांगितलं. बराचसा डाग निघाला म्हणे, बंपर बदलावा लागला नाही.

दोन्ही घरांतल्या पालकांनी पुन्हा फोन केले. तिसरं घर परत आलं नाही. त्यांनी तोवर दुसरी व्हॅन लावली होती. त्या मुलीला चिंचेच्या गोळ्या आवडायच्या. डॅशबोर्डच्या खणात तिच्यासाठी ठेवलेली पुडी अजून तशीच आहे. असं काही होतं तेव्हा सगळंच भरून येत नाही, हेही या निमित्ताने सांगतो.

परत जाताना मी तुम्हाला मोटार वाहन कायद्याबद्दल विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, कलमं वकिलाला विचारा, मला एवढंच कळतं की खरंच कधी लागली तर थांबायचं, मालक नसेल तर काचेवर नंबर लिहून ठेवायचा. घरी येऊन मी मुलाकडून शोधून घेतलं. १९८८च्या कायद्याचं १३४वं कलम आहे. अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी चालकाने त्याची खबर द्यायची, पोलीस जवळ नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन द्यायची. आता माझ्या खणात एक वही आणि पेन कायम असतं. आमच्या शाळेवरच्या बाकीच्या व्हॅनवाल्यांनाही मी ठेवायला लावलंय. आणि गाडी लावली की चारही कोपऱ्यांचे फोटो काढतो, शेजारच्या गाडीसकट.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतलात, तोही अर्धा, कारण गॅरेजवर दाराची लांबी वाळून गेली असणार याची तुम्हाला घाई होती. मी धन्यवाद म्हणालो का, तेही मला आठवत नाही. बहुधा नाहीच, घशातून आवाज फुटत नव्हता. ते राहिलेलं या पत्रात म्हणतो. उस्ताद, मनापासून धन्यवाद. तुमच्या त्या दोन तासांवर माझं घर पुन्हा उभं आहे.

बोजा उतरला, आरसीवर आता फक्त माझं नाव आहे. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असते, तेव्हा व्हॅन चार दिवस तुमच्याकडे लावतो. मागच्या डाव्या कोपऱ्याचा गंज काढायचाय, पत्रा खाऊन टाकायच्या आत. त्या कामाचे पैसे मात्र पूर्ण घ्यायचे.

तुमचा,
व्हॅनकाका