नऊ संख्यांत मावलेली जाळी : एक आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार. माझ्या प्रवाहाच्या त्रिमितीय जाळीचे चित्र काढताना पॅराव्ह्यू हे वैज्ञानिक डेटाची चित्रे काढणारे सॉफ्टवेअर दरवेळी बंद पडत होते, तेव्हा आपण दोन संध्याकाळी माझ्यासोबत बसलात, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे.

प्रत्येक दिशेला ५१२ बिंदू, म्हणजे सुमारे १३.४ कोटी बिंदू. प्रत्येक बिंदूवरच्या एका राशीचे मूल्य ३२ बिटांत ठेवले तर ५१२ एमबी पुरतात. माझ्या संगणकाची रॅम १६ जीबी होती आणि तरीही ती अपुरी पडत असल्याने मी ती वाढवायला निघाले होते. आपण आधी फाइलची मांडणी पाहिलीत. नमपाय या पायथनच्या गणिती संचातल्या मेशग्रिड या जाळी तयार करणाऱ्या फंक्शनने प्रत्येक बिंदूचे तिन्ही निर्देशक मी ६४ बिटांत साठवले होते, आणि मूल्यांआधीच त्यांनी ३ जीबी अडवले होते. आपण म्हणालात, “बिंदू समान अंतरावर आहेत ना? मग आरंभबिंदू, अंतर आणि बिंदूंची संख्या, तिन्ही दिशांच्या मिळून नऊ संख्या पुरेत. जे हिशेबाने निघते ते साठवायचे कशाला?” त्या संध्याकाळी फाइल इमेज डेटा म्हणून, म्हणजे समान अंतराच्या जाळीसाठीच्या मांडणीत, नव्याने लिहिली आणि ते ३ जीबी मोकळे झाले.

खरे संकट मात्र थ्रेशोल्डमध्ये, म्हणजे ठरावीक मर्यादेबाहेरची मूल्ये गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, होते. क्षीण भ्रमिलता (प्रवाहाच्या स्थानिक फिरण्याचे माप) लपवण्यासाठी मी तो फिल्टर लावत असे, आणि तो जाळीची नियमितता मोडून शेजारच्या बिंदूंनी बनलेल्या, उरलेल्या प्रत्येक घनाच्या आठ कोपऱ्यांचे क्रमांक आठ-आठ बाइटांत लिहून ठेवत असे. चार बाइटांच्या एका मूल्यामागे चौसष्ट बाइट! माझे बहुतेक घन उरत असल्याने हा भार ८ जीबीच्या जवळ जाई. आपण तो फिल्टर काढून व्हॉल्यूम रेंडरिंगमध्ये, म्हणजे सगळा डेटा अर्धपारदर्शक धुक्यासारखा दाखवण्याच्या पद्धतीत, कोणते मूल्य किती गडद दिसावे हे ठरवणाऱ्या अपारदर्शकतेच्या वक्राचे डावे टोक शून्यावर ओढलेत. धुके विरत गेले, भोवऱ्यांचे पीळ एकेक करून उघडे पडले आणि मेमरीचा आकडा जागचा हलला नाही. तो क्षण मला आजही जसाच्या तसा आठवतो.

कॅमेऱ्याचा कोन ठरवताना प्रत्येक दिशेला दर दुसरा बिंदू घेतला की डेटा एक-अष्टमांश होतो, हेही आपणच सांगितलेत. पण भोवऱ्यांचे दोन बिंदूंच्या जाडीचे पापुद्रे त्यात हरवतात, म्हणून अंतिम चित्र पूर्ण जाळीवरच काढण्याचा आपला आग्रह होता. तो मी पाळला आहे. प्रबंधातले चित्र पूर्ण जाळीचे आहे, त्याच संगणकावर काढलेले, आणि त्यातले पातळ पापुद्रे स्पष्ट दिसतात.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी